काचेतला समुद्र: खाऱ्या पाण्याच्या टाकीत काय ठेवावे, याचा अडीचशे वर्षांचा इतिहास

#थ्रेड

१/ मुरबे. पालघर तालुक्यातले, सातपाटीच्या खाडीपलीकडचे मच्छीमारांचे गाव. ओहोटीला पाणी मागे सरले की किनाऱ्यावर शिवल्या, कालवांची टरफले, जाळ्याचे तुटके तुकडे, शिशाची वजने, होडीच्या रंगाचे पापुद्रे असे बरेच काही उघडे पडते. यांतले काय उचलून खाऱ्या पाण्याच्या टाकीत शोभेसाठी ठेवता येईल, आणि काय ठेवले तर टाकीतले जीव दोन दिवसांत मरतील? प्रश्न छंदाचा वाटतो. त्याचे उत्तर मात्र युद्धनौकांच्या तळापासून शोधावे लागते.

२/ आधी एका आडनावाची गोष्ट. मुरब्याहून किनाऱ्याने उत्तरेस निघाले की नांदगाव, आलेवाडी, नवापूर, दांडी अशी गावे मागे पडतात आणि पुढे तारापूर येते. इतिहासप्रेमींना ते १७३९ सालच्या वेढ्यामुळे ठाऊक असते. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत हा पोर्तुगीज किल्ला पडला आणि त्या झुंजीत बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. याच तारापुरावरून पारशी कुटुंबांनी ‘तारापोरवाला’ हे आडनाव घेतले. महाराष्ट्रात समुद्री मासा काचेआडून पाहिलेल्या कित्येक पिढ्यांनी हेच नाव मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील एका इमारतीवर वाचले आहे.

३/ त्या इमारतीकडे पुढे येऊच. तिथवर पोहोचण्यासाठी १७६१ सालातून जावे लागते.

४/ लाकडी जहाजाचे दोन शत्रू असत. एक, लाकूड पोखरणारा जहाजकिडा. दुसरा, तळावर चिकटून जहाजाचा वेग खाणारा बार्नेकल आणि शेवाळाचा थर. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढवला. जहाज वेस्ट इंडीजच्या उष्ण पाण्यातून परतले तेव्हा तळ बराचसा स्वच्छ निघाला. पण जेथे तांबे लोखंडी खिळ्यांना टेकले होते तेथे खिळे गंजून गेले होते. खारे पाणी आणि दोन निराळे धातू एकत्र आले की विद्युतघट तयार होतो. हे शास्त्र त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते, कारण व्होल्टाचा घटच मुळी १८०० सालचा.

५/ हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये तांब्याची ही झीज थांबवण्याचा उपाय सुचवला. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडायचे. झीज त्यांची होईल, तांबे वाचेल. प्रयोगासाठी निवडलेल्या नौकांत ‘समरंग’ होती. ती आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, कोचीनला, सागवानात बांधलेली.

६/ उपाय नको तितका यशस्वी झाला. तांबे खरोखरच झिजेना, आणि त्याबरोबर तळावर बार्नेकल व शेवाळ पुन्हा जोमाने वाढू लागले. आरमाराने लवकरच ही युक्ती सोडून दिली. पण त्या फसलेल्या प्रयोगातून एक मोठी गोष्ट सिद्ध झाली. तांब्याचा पत्रा जीवांना दूर ठेवतो तो झिजतो म्हणूनच. पाण्यात सतत अत्यल्प विरघळणारे तांबे हेच विष. आज कोणताही जाणकार खाऱ्या पाण्याच्या टाकीत पितळेची मूर्ती, तांब्याचे नाणे किंवा काशाची घंटी ठेवू देत नाही, त्यामागे हेच कारण आहे. समुद्रावर कोट्यवधी लिटर पाण्यात जे विरून जाते ते शंभर लिटरच्या टाकीत साचून राहते.

७/ येथे एक बारकावा आहे. टाकीतल्या माशांना परजीवींचा उपद्रव झाला की औषध म्हणून तांबेच वापरतात. लिटरला सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, तेही रोज मोजून. मासा हे सोसतो. कोळंबी, खेकडा, शंख, समुद्रफूल, प्रवाळ यांना मात्र ते सोसत नाही. गंमत अशी की खेकडा-कोळंबीचे रक्त निळसर असते ते तांब्यामुळेच. आपल्या रक्तात लोह जे काम करते ते त्यांच्या रक्तात तांबे करते. जे रक्तात हवे तेच पाण्यात वाढले की जीवघेणे ठरते.

८/ आता घरातल्या टाकीकडे. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा उत्पादन कर रद्द केला आणि काच स्वस्त झाली. पुढच्याच वर्षी ॲना थिन या बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाणी ताजे राहावे म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. हवा मिसळण्याचा पंप म्हणजे त्या बिचारीचे दोन हात. इतिहासाने थिन बाईंचे नाव जपले, त्या हातांचे जपले नाही.

९/ रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये दाखवून दिले की वनस्पती आणि प्राणी योग्य प्रमाणात ठेवले तर टाकीतले पाणी टिकते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक ‘मत्स्यगृह’ उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि हा शब्द घराघरांत पोहोचला. त्याच सुमारास गॉस यांनी क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृतीही प्रसिद्ध केली. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनाही समुद्र बाळगणे शक्य झाले.

१०/ मग सजावटीची लाट आली. दिवाणखान्यातल्या टाकीत छोट्या गुहा, कमानी, खडकांचे मनोरे. आणि मरणाऱ्या जीवांची रांग. दोषी बहुधा नजरेआड असत. टाकीच्या सांध्यात भरलेल्या लुकणात शिशाची संयुगे मिसळलेली असत. पांढरे शिसे किंवा लाल शिसे. हे लाल शिसे मराठी वाचकाला परके नाही. पारंपरिक शेंदूर तोच. खडक जोडायला वापरलेले ताजे सिमेंट चुना सोडी, पाण्याची अल्कता एकदम चढे आणि जीव गुदमरत. म्हणून नवी टाकी कित्येक दिवस पाण्याने भरून ठेवायची, ते पाणी वारंवार फेकायचे आणि मगच तीत जीव सोडायचे, असा शिरस्ता पडला. घराच्या नव्या स्लॅबवर पाणी साठवून ठेवणारे आपले गवंडी याला ‘क्युरिंग’ म्हणतात. हेतू निराळा, संयम तोच.

११/ या गोंधळातून बाहेर पडण्याची वाट विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी दाखवली. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांनी मोठे समुद्री मत्स्यालय उभारले. तेथील पंप आणि नळ धातूचे न ठेवता व्हल्कनाइटचे, म्हणजे गंधकाने कठीण केलेल्या रबराचे, केले. नेपल्सच्या प्राणिशास्त्र केंद्राचे मत्स्यालय १८७४ मध्ये उघडले, त्याच्या उभारणीतही लॉइड यांचाच हात होता. समुद्राच्या पाण्याला धातूचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, हा नियम तेव्हापासून आजच्या पीव्हीसी नळापर्यंत चालत आला आहे.

१२/ या छंदाची दुसरी बाजू गॉस यांच्या मुलाने लिहून ठेवली. एडमंड गॉस यांच्या १९०७ च्या आत्मचरित्रात इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांतली डबकी हौशी संग्राहकांनी कशी ओरबाडून नेली, याची खंत आहे. ज्या पुस्तकांनी लोकांना समुद्राकडे पाहायला शिकवले त्याच पुस्तकांनी हातात बादली आणि हातोडीही दिली. वडिलांच्या कीर्तीची ही किंमत मुलाने मांडावी, हे त्या कुटुंबाच्या कथेतले सर्वांत बोचरे पान आहे.

१३/ भारतात समुद्री मत्स्यालयाची सुरुवात मुंबईची नव्हे, मद्रासची. तेथील मरीना किनाऱ्यावर १९०९ मध्ये मत्स्यालय उघडले. कल्पना एडगर थर्स्टन यांची. मुंबईला त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे थांबावे लागले.

१४/ २७ मे १९५१. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर ‘तारापोरवाला मत्स्यालया’चे उद्घाटन झाले. खर्च सुमारे ८ लाख रुपये, त्यांपैकी २ लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दात्याचे. जागेचा फायदा उघड होता. समुद्र रस्त्यापलीकडे. तोटाही तोच होता. मुंबईचे पाणी गढूळ, पावसाळ्यात आणखी गढूळ, आणि शहराचा मैला त्याच पाण्यात. लक्षद्वीपच्या प्रवाळांतले रंगीत मासे नितळ पाण्यात वाढलेले. त्यांना मुंबईत जगवायचे तर पाणी, प्रकाश आणि लपायची जागा या तिन्हींची सोय करावी लागे.

१५/ लपायची जागा हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा, कारण ‘सजावट’ हा शब्द येथे फसवा आहे. प्रवाळांतला मासा उघड्या टाकीत सतत भेदरलेला राहतो, खात नाही, आजारी पडतो. खडकाची कपार त्याच्यासाठी घर असते. पाहणाऱ्याला जे नेपथ्य वाटते ते राहणाऱ्याला भिंत वाटते.

१६/ १९६१ मध्ये या विचाराने मोठे वळण घेतले, आणि ते आशियात घेतले. जकार्तातील ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली रीत सांगितली. समुद्रातून आणलेले सच्छिद्र खडक त्यांवरच्या सजीवांसह टाकीत ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे. पुढे कळले की अशा खडकांच्या छिद्रांत राहणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतला विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये, मग नायट्रेटमध्ये बदलतात. ज्याला लोक शोभेचा दगड समजत होते तो टाकीचे मूत्रपिंड निघाला. छंदाच्या जगात त्याला ‘लाइव्ह रॉक’ हे नाव मिळाले.

१७/ आणि पुन्हा एडमंड गॉस यांची भीती खरी ठरली. जगभरच्या प्रवाळभित्ती टाक्यांसाठी फोडल्या जाऊ लागल्या.

१८/ भारताने जुलै २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचींत बदल करून भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि सर्व समुद्रघोडे यांना पहिल्या अनुसूचीत घातले. अनेक शंखशिंपल्यांनाही संरक्षण दिले. त्या यादीत वाघही आहे. प्रवाळ मेलेला, पांढरा पडलेला, ‘नुसता दगड’ असला तरी कायदा सुटत नाही. बाजारात कोणी प्रवाळाचा तुकडा सजावटीसाठी पुढे केला तर घेणाराही गुन्ह्यात सापडतो. आणि प्रवाळ म्हणजे केवळ लक्षद्वीप-अंदमान असे नव्हे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली व वरळी येथे प्रवाळांच्या १८ वसाहती आढळल्या आणि २०२० मध्ये त्या हलवून कुलाब्याकडे नेऊन बसवाव्या लागल्या. गढूळ म्हणून आपण ज्या समुद्राला नावे ठेवतो त्यातही प्रवाळ चिवटपणे जगत आहेत.

१९/ मग मुरब्याच्या त्या ओहोटीच्या किनाऱ्यावरून टाकीत काय ठेवता येते?

काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, चालतो. सह्याद्रीचा हा दगड खाऱ्या पाण्यात सहसा काही सोडत नाही. तांबूस-हिरवट धातूच्या शिरा किंवा गंजाचे डाग दिसले तर मात्र टाळावा.

सामान्य शिंपले चालतात, पण पूर्ण रिकामे, घासून धुतलेले. येथे गोड्या आणि खाऱ्या पाण्यातला फरक कळतो. शिंपला चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. गोड्या, मृदू पाण्यात तो विरघळून पाण्याचा कठीणपणा वाढवतो. समुद्राचे पाणी मुळातच अल्कधर्मी, पीएच सुमारे ८.१, त्यामुळे तेथे तो मुकाट्याने पडून राहतो. व्हिनेगरचा थेंब टाकून फेस येतो का पाहण्याची चाचणी गोड्या पाण्याच्या टाकीसाठी आहे. खाऱ्या पाण्यात फेस आला तरी भिण्याचे कारण नाही. खरा धोका पिळाच्या शंखात. आत खोल अडकलेला मांसाचा तुकडा सडला की अमोनिया वाढून टाकी बसते.

२०/ वाळू? पालघरच्या किनाऱ्याची वाळू गाळमिश्रित. टाकीत ढवळली की दिवसभर पाणी मातकट राहते. शिवाय ती कोणत्या पाण्याने भिजली आहे, हा प्रश्न उरतोच.

२१/ जाळ्याचा तुकडा, काठावर मिळालेला ‘समुद्री’ दिसणारा दोर, शिशाची गोळी: तिन्ही नकोत. शिसे विष आहे. नायलॉनच्या पीळात मासा अडकतो. आणि होडीच्या तळाच्या रंगाचा सुंदर निळा-तांबडा पापुद्रा तर मुळीच नको. असल्या रंगांत आजही बहुधा तांब्याचे संयुग असते. ‘अलार्म’ नौकेचा वारसा असा रंगाच्या डब्यात उतरला आहे. मधल्या काळात याहून जहाल असे कथिलाचे एक सेंद्रिय संयुग, टीबीटी, आले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची शेती त्याने बसवली. कवच विचित्र जाड झाले, पिल्ले जगेनात. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली. जागतिक करार लागू व्हायला २००८ उजाडले.

२२/ दुकानातल्या वस्तूंचे काय? रंगवलेला प्लास्टरचा किल्ला खाऱ्या पाण्यात हळूहळू भुसभुशीत होतो आणि रंग सुटतो. गणेशमूर्तींच्या विसर्जनानंतर किनाऱ्यावर उरणारे अवशेष पाहिलेल्यांना हे सांगायला नको. त्याऐवजी भाजलेल्या मातीचे बिनरंगी, बिनग्लेजचे तुकडे, सच्छिद्र सिरॅमिकचे खडक, पीव्हीसी नळाचे काप हे निर्धोक. सिमेंटचा खडक घरीही ओतता येतो, मात्र तो काही आठवडे पाणी बदलत मुरवावा लागतो. दीडशे वर्षांपूर्वीचा तोच शिरस्ता.

२३/ एक इशारा माणसांसाठी. किनाऱ्यावरचा दगड ‘निर्जंतुक’ करायचा म्हणून उकळण्याची सवय अनेकांना असते. गुजरात-महाराष्ट्राच्या खडकाळ किनाऱ्यांवर झोअँथिड नावाचे, बटणांच्या गालिच्यासारखे दिसणारे प्राणी आढळतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. ते प्रथम हवाई बेटांवरच्या अशाच प्राण्यातून वेगळे करून १९७१ मध्ये जगापुढे मांडले गेले. असा दगड उकळल्याने विषाचे तुषार श्वासात जाऊन अख्खी कुटुंबे रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. दगड जिवंत असेल तर तो जागीच सोडावा. सुका असेल तर घासावा, भिजत घालावा, उन्हात वाळवावा. चुलीवर चढवू नये.

२४/ आता ‘वाळू कोणत्या पाण्याने भिजली’ या प्रश्नाकडे. मुरब्याच्या उत्तरेस तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून समुद्राच्या पाण्यावर आपली यंत्रे थंड करते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात जाते. खाड्यांतल्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठावले. टाकीवाला ज्या गोष्टी चिमटीत तोलतो, धातू, आम्ल, सेंद्रिय घाण, त्याच गोष्टींवरून हा वाद आहे. फरक इतकाच की या टाकीचे पाणी बदलता येत नाही.

२५/ ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस मुरब्याच्या एका बोटीला १५७ घोळ मासे मिळाले आणि लिलावात त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाले. बातमी देशभर गाजली. घोळीच्या पोटातल्या ‘बोता’ला, म्हणजे वाताशयाला, परदेशी बाजारात सोन्याचा भाव आहे. बातमीतली एक ओळ कमी वाचली गेली: हे मासे किनाऱ्यापासून २० ते २५ सागरी मैल आत, वाढवणच्या बाजूला मिळाले. त्यासाठी इतके आत का जावे लागते, याची चर्चा सोन्याच्या भावाच्या गोंगाटात हरवली.

२६/ तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर मार्च २०१५ मध्ये पुन्हा उघडले. १२ फूट लांबीचा, १८० अंशांचा ॲक्रिलिक बोगदा हे त्याचे नवे आकर्षण. वर, उजवीकडे, डावीकडे मासे. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत ते बंद झाले. तारापूरचे नाव मुलांनी समुद्राशी जोडावे अशी ती एक जागा होती. तिच्याविना वाढणाऱ्या मुलांना समुद्री मासा पाहायचा तर घरची टाकी किंवा मोबाइलचा पडदा.

२७/ किंवा ओहोटीचा किनारा. तेथे रिकामा शंख फार काळ रिकामा राहत नाही. संन्यासी खेकडा, ज्याला स्वतःचे पुरते कवच नसते, तो शंख उलटापालटा करून पाहतो, माप घेतो आणि जुने घर सोडून क्षणार्धात नव्यात शिरतो. त्याने सोडलेल्या घरात पुष्कळदा दुसरा, लहान खेकडा जातो. म्हणून टाकीसाठी शंख उचलण्याआधी तो उलटा करून आत पाहावे, आणि रिकामा असला तरी भरतीरेषेच्या वरचा, उन्हाने पांढरा पडलेला तेवढाच घ्यावा. पाण्याच्या कडेचे तेथेच राहू द्यावेत. तेथे घरांसाठी रांग असते.